रोजच्या नोंदींची जागा

इंटरनेटवर 'यवतमाळ' असे टाकून शोधले की काय समोर येते, ते इथल्या माणसाला आता पाठ झाले आहे. कापूस, कर्ज, शेतकरी आत्महत्या. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन दगावलेले शेतकरी आणि शेतमजूर. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगावच्या रानात गोळी घालून मारलेली अवनी वाघीण. यातले खोटे काहीच नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांतल्या काहींनी तर जीव ओतून लिहिले आहे. जयदीप हर्डीकरांचे 'रामराव' किंवा पी. साईनाथ यांच्या 'पारी'वरचे वृत्तांत वाचले की ते कळते. पण हे बहुतेक लेखन काहीतरी बिघडल्यावर, बाहेरून आलेल्या माणसाने केलेले आहे. काही बिघडलेले नसते त्या दिवशी या जिल्ह्यात काय होते? जिनिंगच्या फाटकाबाहेर रात्रभर ताटकळणाऱ्या गाड्यांवर माणसे काय बोलतात, पोळ्याच्या झडत्यांमध्ये यंदा कोणाला चिमटा काढला, शेतीपंपाची वीज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, याची बातमी होत नाही. बातमी होत नाही म्हणून ते कुठे लिहिलेही जात नाही.

प्रस्तुत पुस्तकातल्या नोंदी नेमक्या या बिन-बातमीच्या दिवसांच्या आहेत. लेखिका जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतात आणि बरीच वर्षे स्वतःचे वैयक्तिक संकेतस्थळ चालवतात. कोणी मागितले नाही, कोणी छापणार नव्हते, तरी त्या लिहीत राहिल्या. त्यांतून निवडलेले हे लेखन आहे. निम्म्या नोंदी गावाबद्दल आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्या संकेतस्थळाबद्दलच, म्हणजे ते कसे उभे राहिले, कधी बंद पडले, कोण वाचते, कशासाठी चालवायचे याबद्दल. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी मराठीत मी फारशा पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे प्रस्तावनेत या क्षेत्राची थोडी ओळख करून देणे भाग आहे. ज्यांना ती आधीच आहे त्यांनी चार पाने उलटून सरळ पुढे जावे.

वैयक्तिक संकेतस्थळ म्हणजे काय, हे आज मुद्दाम सांगावे लागते, कारण इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक आणि यूट्यूब एवढेच मानणारी एक पिढी मधल्या काळात तयार झाली आहे. त्याला तीन गोष्टी लागतात. एक, नाव: ते वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर रुपये भरून नोंदवायचे. दोन, जागा: कुठल्यातरी चालू संगणकावर भाड्याने घेतलेली किंवा फुकट मिळालेली. तीन, मजकुराच्या फायली: त्या आपल्याच संगणकावर असतात आणि तिथे चढवलेली असते ती त्यांची प्रत. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जागा देणाऱ्याशी पटले नाही तर त्याच फायली उचलून दुसरीकडे न्यायच्या, नाव तिकडे वळवायचे; वाचणाऱ्याला पत्ता बदलल्याचे कळतही नाही. फेसबुकवर आपण वीस वर्षे लिहिले तरी ही उचलाउचल करता येत नाही.

यवतमाळकरांना हा फरक समजावून सांगायला शकुंतला रेल्वे पुरते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस वाहून न्यायला एका ब्रिटिश कंपनीने सुरू केली. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग त्यातून सुटला आणि खासगीच राहिला. गाडी आपली, प्रवासी आपले, १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन हाकणारे चालकही आपले. रुळांची मालकी मात्र दुसऱ्याची. गाडी बंद पडली तेव्हा ती चालू ठेवण्यासाठी निवेदने देणारे आपण होतो, आणि निर्णय आपल्या हातात नव्हता. फेसबुकवर वीस वर्षे लिहिणाऱ्याची स्थिती याहून वेगळी नाही.

स्वतःच्या जागेवरून लिहिण्याची ओढ इंटरनेटने आणली असे मात्र नाही. मराठीत तिची परंपरा जुनी आहे आणि ती समजून न घेता या पुस्तकाकडे पाहिले तर ते परदेशी छंदाची नक्कल वाटेल. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला. त्याची सुरुवातीची प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'त आली आणि पुढची छापायचे लोखंड्यांनी थांबवले. लोखंडे हे काही विरोधक नव्हते, सत्यशोधक चळवळीतलेच सहकारी होते. पण पत्र चालवणाऱ्याला सरकारची, वर्गणीदारांची, खटल्याची भीती असते आणि ती लेखकाच्या मजकुरावर उतरते. फुले चिडले. पुढे त्यांनी 'सत्सार'चे अंक स्वतः काढले. कापूस पिकवणाऱ्या माणसावरचे मराठीतले सगळ्यांत धारदार पुस्तक त्यांच्या हयातीत सबंध छापून आले नाही, आणि ते अडले मित्राच्या दारात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा धागा अनियतकालिकांचा. १९५५ च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' काढले ते सायक्लोस्टाइल करून. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचे 'असो', भालचंद्र नेमाड्यांचे 'वाचा', राजा ढाल्यांचे 'येरू' आले. अंक कधी निघेल याचा नेम नाही, प्रती थोड्या, जाहिराती नाहीत, 'सत्यकथा' मासिकाच्या संपादकांना आवडेल का याची पर्वा नाही. स्टेन्सिल कापताना चूक झाली की लाल शाईने दुरुस्त करायची आणि यंत्राचा दांडा हाताने फिरवायचा. आजच्या वैयक्तिक संकेतस्थळाच्या चालकाला ही वर्णने वाचून घरच्यासारखे वाटते. फरक एवढाच की त्या अंकांच्या पाठीशी एक वाङ्मयीन भांडण होते, आणि आजच्या चालकाला भांडायला समोर संपादकच नाही. समोर एक गणित आहे, कोणाला काय दाखवायचे ते ठरवणारे.

तिसरा धागा ललित नोंदीचा. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. महिन्यामागून महिना झाडांकडे, आभाळाकडे, पाखरांकडे पाहत राहायचे आणि लिहायचे, या एवढ्याशा कल्पनेवर ते उभे आहे. त्यात घडत काहीच नाही आणि तरी ते पुन्हा पुन्हा वाचले जाते. मला विचाराल तर हातातल्या या पुस्तकाची खरी आजी 'ऋतुचक्र' आहे.

आता वेबकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत पहिले संकेतस्थळ उभे केले आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये ते जगाला जाहीर केले. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरायला खुले करून टाकले. ही दुसरी तारीख पहिलीपेक्षा मोठी आहे. त्या दिवशी स्वामित्व-शुल्क लावले असते तर तालुक्याच्या गावी कोणी शिक्षिका संकेतस्थळ चालवत बसली नसती. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने सामान्य माणसाला फुकट जागा दिली आणि लाखो लोकांनी तिथे चमकत्या अक्षरांची, 'काम चालू आहे' अशा पाट्यांची पाने थाटली. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींचीही त्यात पाने होती: आरत्यांचे संग्रह, बाळांच्या नावांच्या याद्या, गडकिल्ल्यांचे फोटो. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेतले आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केले. काही हौशी लोकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढे उतरवून घेतले म्हणून थोडेफार वाचले.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत, मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या शहरांत. यवतमाळ त्या यादीत कुठून असणार? आणि असते तरी मराठी लिहिणार कसे, हा प्रश्न होताच. सुरुवातीला मराठी माणसांनी रोमन अक्षरांत मराठी लिहिले. मग फॉन्टांचा काळ आला: श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, सी-डॅकचे इस्म. प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी. एका फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्याने उघडले की चिन्हांचा पसारा दिसे, म्हणून पानावर आधी सूचना असायची: हा फॉन्ट उतरवून घ्या, मग वाचा. वाचणारा तिथूनच परत जायचा.

युनिकोडने हे सोडवले, पण एका दिवसात नाही. देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात होती. सामान्य संगणकावर ती धडपणे दिसू लागली विंडोज २००० नंतर, मंगल फॉन्टमधून. आणि तरीही आमची पंचाईत संपली नाही. 'वऱ्हाड' हा शब्दच घ्या. त्यातला ऱ्ह हिंदीला लागत नाही, त्यामुळे पुष्कळ जागी तो 'वर्हाड' असा, डोक्यावर रफार घेऊन उमटायचा. आपल्या प्रांताचे नाव नीट न लिहिणारे यंत्र घेऊन आम्ही पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीबद्दल, लिहायला बसलो होतो. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ मध्ये. ओंकार जोशी यांच्या 'गमभन'सारख्या साधनांनी टंकलेखन सोपे केले नसते तर पुढचे ब्लॉगांचे दिवस आलेच नसते.

ते दिवस साधारण २००६ ते २०१२. फुकट जागा, देवनागरी अक्षर आणि घरांत पोचू लागलेले ब्रॉडबँड हे तिन्ही एकदम जुळले. लोक जेवणाबद्दल, बालपणाबद्दल, पुस्तकांबद्दल लिहू लागले. एका मराठी वृत्तवाहिनीने 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घेतली. ब्लॉगांतले निवडक लेखन एकत्र करून 'रेषेवरची अक्षरे' हा अंक निघाला. मग सगळे फेसबुकवर गेले. का गेले यावर पुष्कळ सिद्धांत आहेत. माझ्या मते कारण साधे आहे, तिथे लगेच कोणीतरी 'वा' म्हणायचे. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाले, म्हणजे ब्लॉगावर नवे काय आले ते एका जागी बघण्याची सोय गेली. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले आणि तिथल्या मराठी समूहांत रंगलेल्या चर्चा, कविता, भांडणेही पुढे काही वर्षांत गेली. त्या लेखनाची दाद-फिर्याद कुठे मागायची हेही कोणाला कळले नाही.

याच काळात उलट दिशेने चालणारी माणसे होती. त्यांच्यात पंथ पडले आहेत आणि नवख्या वाचकाचा गोंधळ तिथेच होतो.

सगळ्यांत शिस्तीचा पंथ इंडीवेबवाल्यांचा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला त्यांचे पहिले शिबिर भरले. नाव स्वतःचे हवे, लेखन आधी आपल्या जागेवर प्रसिद्ध करावे आणि मग हवे तर फेसबुक-ट्विटरवर त्याची प्रत टाकावी, हा त्यांचा दंडक. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा उल्लेख केला तर त्याला आपोआप कळावे यासाठी त्यांनी 'वेबमेन्शन' नावाचा संकेत तयार केला आणि २०१७ मध्ये तो वेबच्या अधिकृत शिफारशींत आला. बंगळुरूतही त्यांचे मेळावे भरतात. ही मंडळी बहुतेक अभियंते आहेत आणि त्यांचा दोष हा की लिहिण्यापेक्षा नळजोडणीतच त्यांचा जीव जास्त रमतो. दुसरा पंथ जुन्या दिवसांच्या आठवणीत रमणाऱ्यांचा. २०१३ पासून निओसिटीज त्यांना फुकट जागा देते आणि तिथे पुन्हा चमकती अक्षरे दिसतात. त्यांतले कित्येक जिओसिटीज भरात असताना जन्मलेही नव्हते. तिसरे बागवाले. त्यांना तारीखवार लिहिणे मान्य नाही. एकच टिपण वर्षानुवर्षे खुरपत, वाढवत राहायचे.

चौथा पंथ काटकसरीचा, आणि आमच्याकडे त्याला सर्वांत जास्त अर्थ आहे. बार्सिलोनाहून चालणाऱ्या 'लो-टेक मॅगझिन'ने २०१८ मध्ये आपले संकेतस्थळ छोट्या सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर आणले. सलग ढगाळ दिवस आले की ते बंद पडते, आणि पडणार हे वाचकाला आधीच सांगितलेले असते. युरोपात हे धाडस मानले गेले. आमच्या गावात वीज जाते तेव्हा कोणी त्याला प्रयोग म्हणत नाही. पण त्यांनी पान हलके करण्यासाठी जे केले, म्हणजे फोटोंचे वजन उतरवले, अनावश्यक कारागिरी काढली, ते इथे, सिग्नलच्या एका काडीवर चालणाऱ्या मोबाइलसाठी, फार उपयोगाचे आहे. लेखिकेने ते उचलले आहे. त्यांचे पान गावाबाहेरच्या शेतातही उघडते. मी स्वतः पाहिले आहे.

मराठीत मात्र यांपैकी एकही पंथ मोठा नाही. आमचा मोठा पंथ संग्राहकांचा. अरविंद गुप्ता यांचे खेळण्यांचे आणि पुस्तकांचे संकेतस्थळ घ्या: पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात काम करताना त्यांनी टाकाऊतून खेळणी करण्याच्या कृती आणि मुलांची अगणित पुस्तके, मराठीसुद्धा, सगळ्यांना विनामूल्य खुली करून ठेवली. देखावा अगदी साधा, रंगसंगतीला कोणी बक्षीस देणार नाही, पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला विचारा ते किती उपयोगाचे आहे. अलका विभास यांचे 'आठवणीतली गाणी' हेही तसेच; गीतकार, संगीतकार, गायक यांच्या नोंदीसह मराठी गीतांचा एवढा नेटका साठा सरकारी खात्यालाही जमलेला नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आर्वी (छोटी) इथले शेतकरी-कवी गंगाधर मुटे यांनी स्वतःच्या कवितांसाठी आणि शेतकरी चळवळीच्या साहित्यासाठी संकेतस्थळे उभी केली. शरद जोशींचे लेखन आज सहज वाचता येते त्यात त्यांचा वाटा आहे. ही कामे मोठ्या संस्थांनी केलेली नाहीत. एकेका माणसाने, घरी बसून, रात्री जागून केलेली आहेत.

मग उणे काय? उणे आहे स्वतःच्या रोजच्या जगण्याची नोंद. आपल्याला संतांचे अभंग, किल्ले आणि गाणी जपाविशी वाटतात. आज नळाला पाणी आले की नाही हे जपावेसे वाटत नाही. 'त्यात काय लिहायचे' हे वाक्य मी या जिल्ह्यात जितक्यांदा ऐकले तितके दुसरे कुठले ऐकले नसेल.

या पुस्तकात २०१८ च्या उन्हाळ्यातले एक पान आहे. यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे त्या वर्षी तळाला गेली होती. लेखिका तेव्हा शहरात आपल्या आत्याकडे राहत होत्या. त्यांनी फक्त लिहून ठेवले: आज नळ आले, पहाटे, गढूळ, तुरटी फिरवली. मग पुढची नोंद कित्येक दिवसांनी. मध्ये टँकर, ड्रम, शेजाऱ्याशी झालेली कुरबुर, बोअरवेलवाल्याचा दर. एकही विशेषण नाही, व्यवस्थेवर एकही भाष्य नाही. त्या वर्षीच्या पाणीटंचाईवर तेव्हा पुष्कळ वाचले होते. धरणातल्या साठ्याची टक्केवारीही वाचली होती. पण घरातल्या बाईचा दिवस पाण्याभोवती कसा फिरत होता ते या यादीतून कळते. ही यादी फेसबुकवर असती तर दुसऱ्या दिवशी खाली सरकून गेली असती. वर्तमानपत्राने ती छापली नसती आणि त्याचे काही चुकलेही नसते.

आता, हे आजच का महत्त्वाचे? एक कारण यवतमाळने स्वतः पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले गेले, आणि ऐनवेळी ते निमंत्रण मागे घेतले गेले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे: अनेक लेखक आले नाहीत, अरुणा ढेरे अध्यक्षपदावरून स्पष्ट बोलल्या, आणि उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. सहगलांचे न झालेले भाषण मात्र मराठीत अनुवाद होऊन हातोहात पसरले आणि मंडपात ऐकले असते त्यापेक्षा किती तरी जास्त लोकांनी ते वाचले. निमंत्रण देणारा ते काढूनही घेऊ शकतो, हे त्या आठवड्यात शाळकरी मुलांनाही समजले. लेखिकेच्या संकेतस्थळावर त्या दिवसांची नोंद आहे. त्या मंडपात होत्या, तीन रांगा सोडून मागे. वादाबद्दल त्यांनी दोन ओळी लिहिल्या आहेत आणि पुस्तकांच्या दालनात कोणी काय विकत घेतले याबद्दल दोन पाने. मला हा तोल आवडला. काहींना आवडणार नाही.

दुसरे कारण यंत्रांचे. आज शोधयंत्रे दुवा दाखवण्याऐवजी स्वतःच उत्तर देऊ लागली आहेत, आणि ती उत्तरे ज्या मजकुरावरून तयार होतात तो वेबवरून गोळा केलेला असतो. २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींवर लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीचा त्यात वाटा नगण्य आहे, आणि वऱ्हाडीचा किती असेल ते विचारूच नये. या जिल्ह्यात गोंडी आहे, कोलामी आहे, बंजारा समाजाची गोरबोली आहे, झरी-जामणीकडे तेलुगू कानावर पडते. गोंडीच्या दोन लिप्यांना २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण जागा मिळणे आणि त्या लिपीत कोणी रोज लिहिणे यात अंतर आहे. लेखिकेच्या संकेतस्थळावर हल्ली माणसांपेक्षा यंत्रेच जास्त येऊन जातात. त्यांना येऊ द्यावे की अडवावे यावर पुस्तकात एक मोठी नोंद आहे. 'आपल्या भाषेत लिहिलेले कोणीच गोळा केले नाही तर आपण नाहीच' आणि 'न विचारता नेले तर ती चोरी' या दोन्ही बाजू त्यांनी मांडल्या आहेत आणि निकाल दिलेला नाही. मी पहिल्या बाजूचा आहे. पण त्यांना तसे लिहायला लावले नाही.

हे सगळे गोड आहे असे कोणी समजू नये. संकेतस्थळ चालवणे कटकटीचे आहे. नावाची मुदत संपते आणि नूतनीकरणाचा ईमेल स्पॅममध्ये पडलेला असतो. स्वस्त जागा देणारी एक कंपनी एके दिवशी गाशा गुंडाळून निघून गेली होती, आणि तेव्हा घरच्या संगणकावरच्या फायलींनीच लाज राखली. चालकाच्या पश्चात काय होईल या प्रश्नाला उत्तर नाही. वर्षाचे पैसे भरले गेले नाहीत की नाव जाते, आणि जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने जेवढे टिपले असेल तेवढेच उरते. पुस्तक काढण्यामागे हेही एक कारण होते, हे लेखिका मान्य करतात.

त्याहून अवघड प्रश्न गावाचा. पुण्या-मुंबईत शेजाऱ्याबद्दल लिहिले तर शेजारी वाचत नाही. तालुक्याच्या गावी वाचतो, किंवा त्याचा पुतण्या वाचून दाखवतो. खरे लिहायचे आणि उद्या त्याच माणसाच्या दुकानातून साखर आणायची. लेखिकेने यावर स्वतःचा नियम केला आहे: ज्याच्याबद्दल लिहायचे त्याला आधी ते वाचून दाखवायचे, आणि तो नको म्हणाला तर काढायचे. यामुळे काही चांगली पाने आपल्याला वाचायला मिळणार नाहीत, आणि काही जागी मजकूर जरा जास्तच सौम्य झाला आहे. पत्रकाराला हा नियम परवडणार नाही. गावात राहणाऱ्याला दुसरा पर्याय दिसत नाही.

तांत्रिक भागाची भीती वाटणाऱ्यांसाठी एक नमुना देतो. लेखिकेची नोंद एका साध्या मजकूर-फाईलमध्ये असते. तिच्या वरच्या टोकाला ही भाषा मराठी आहे असे यंत्राला सांगणारी 'एमआर' ही दोन अक्षरे टाकायची असतात. ती नसली तर पान उघडते, पण पुष्कळ फॉन्टांमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. ती घातली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, की ल पाकळीचा होतो आणि श देठाचा, शाळेत गिरवला तसा. त्यांच्या सातवीतल्या एका मुलीने ही दोन अक्षरे घालून आणि काढून, घालून आणि काढून, पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. मग तिने विचारले, 'मॅडम, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं का?' त्या वर्गातली तीन-चार मुले आता स्वतःची पाने चालवतात. एक जण गावातल्या बैलांचे फोटो टाकतो, नावासकट.

पुस्तक हे शिकवण्याचे पुस्तक नाही. संकेतस्थळ कसे काढावे याच्या पायऱ्या यात सापडणार नाहीत. ही चळवळीची जाहीरनामावजा पुस्तिकाही नाही. फेसबुक वाईट म्हणून हे चांगले, असा सोपा युक्तिवाद लेखिका करत नाहीत. त्यांचे स्वतःचे फेसबुक खाते आहे आणि भाचीच्या लग्नाचे फोटो त्यांनी तिथेच टाकले. एक माणूस रोज थोडे लिहितो, ते स्वतःच्या जागेवर ठेवतो, दहा वर्षांनी मागे वळून बघतो, तेव्हा काय हाती लागते, एवढेच तपासायचा हा प्रयत्न आहे. काही नोंदी कंटाळवाण्या आहेत. मी त्यांतल्या काही गाळायला सुचवल्या होत्या. पावसाची वाट पाहण्याच्या सलग नोंदी मात्र ठेवल्या, कारण तो कंटाळा खरा आहे.

कागदावर येताना दुवे गेले. मूळ पानांवर एका नोंदीतून दुसरीकडे जाता येते, चार वर्षांपूर्वीच्या त्याच दिवशी काय झाले होते ते पाहता येते. इथे ते शक्य नाही. त्याऐवजी नोंदी विषयवार लावाव्यात असे प्रकाशकांचे म्हणणे होते: शेती एकीकडे, शाळा एकीकडे, संगणक एकीकडे. लेखिकेने ऐकले नाही. त्यांनी नक्षत्रांप्रमाणे लावल्या, मृगापासून रोहिणीपर्यंत, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकाच नक्षत्राखाली मिसळल्या. त्यामुळे बोंडअळीच्या शेजारी सर्व्हर बंद पडल्याची हकिगत येते आणि तिच्याखाली परीक्षेचे पेपर. सुरुवातीला मी वैतागलो होतो. दुसऱ्या वाचनात तक्रार उरली नाही. ज्यांना मृगापासून सुरू करायचा धीर नसेल त्यांनी सरळ हस्त-चित्रा काढावे. तिथे सीतादहीची नोंद आहे, पहिल्या वेचणीच्या दिवशीची, आणि तिच्या पाठोपाठ संकेतस्थळाचे पहिले पान चढवल्याची.